अकरा सह्या आणि एक कान

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या तुकडीतला एक सोबती घरी येऊन गेला. त्याला क्षय झालाय असं आठच दिवसांपूर्वी कळलेलं. चहा हातात तसाच धरून म्हणाला, "तुला झाला होता ना? काय काय होतं ते खरं खरं सांग." मी अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं तोंडाने सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितो आहे. लिहिणं मला जमतं. ते जमतं म्हणूनच सगळा घोटाळा झाला.

माझं नाव गायकवाड, गाव निफाड तालुक्यात. तोफखान्यात अठरा वर्षं काढली. पहिली दहा तोफेवर आणि पुढची आठ ऑफिसात, कारण अक्षर चांगलं होतं. रजेचा अर्ज, बदलीचा अर्ज, कुणाच्या सासऱ्याशी जमिनीचं भांडण असलं तर तहसीलदाराला अर्ज, सगळे माझ्याकडेच यायचे. एकाहत्तरच्या लढाईनंतर तीन-चार वर्षांनी हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि नाशिकला एका शाळेत कारकून झालो. बायको विमल नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स. दोन मुली. गाडी रुळावर होती.

रुमाल

शाळेत कुणाचा तरी दाखला लिहीत होतो. खोकला आला, रुमाल तोंडाला लावला आणि त्यावर चार आण्याच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला. मी रुमालाची घडी आतल्या बाजूने घातली, खिशात ठेवला आणि दाखला पूर्ण केला. दहा दिवस कुणाला बोललो नाही. फौजेत पहिली गोष्ट हीच शिकतो, आजारी पडलेल्या माणसाकडे कामचुकार म्हणून बघतात.

विमलला रुमाल धुण्यात सापडला. ती ओरडली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, शर्ट घाला," आणि गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी एक्स-रेची प्लेट खिडकीशी धरली. मला त्यात ढग आणि फासळ्या एवढंच दिसलं. विमलने प्लेट पाहिली, पर्स उघडली आणि काहीच न काढता बंद केली. डॉक्टर बोलायच्या आधी मला कळलं ते त्या पर्समुळे.

घरी आल्यावर तिने माझं ताट, वाटी, पेला वेगळ्या फळीवर ठेवला. माझ्या आजोबांना गावात ओंजळीत वरून पाणी घालायचे. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, वर्दी घातली, आणि आता माझ्याच घरात माझा पेला वेगळा. विमल नर्स होती, तिचं शंभर टक्के बरोबर होतं. तरी मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

मुलींचे एक्स-रे काढले. उत्तर यायला चार दिवस लागले. लढाईत भ्यालो नाही इतका तेव्हा भ्यालो, असं सगळेच फौजी सांगतात. मी लढाईतही भ्यालो होतो, पण तिथे निदान आपल्या हातून काही झालं असेल ही भीती नव्हती. पोरी स्वच्छ निघाल्या. मला मात्र भरती व्हायला सांगितलं. शेजाऱ्यांना सांगितलं, ट्रेनिंगला चाललो. पंचेचाळिसाव्या वर्षी कसलं ट्रेनिंग, हे कोणीच विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं.

ठीक हूँ साहेब

शहराबाहेर एका ट्रस्टचं क्षयरोग्यांचं हॉस्पिटल होतं. त्यात माजी सैनिकांसाठी बारा खाटांचा वेगळा वॉर्ड. नवीन माणूस आला की नाव नंतर विचारायचे, आधी हुद्दा. सकाळी उठून आपली चादर आपण ताणायची, घोंगडीची घडी चौकोनी. डॉक्टर फेरीला आले की खाटेवर पडल्या पडल्या सावधान. डॉक्टरांनी विचारायचं, "कसं काय?" आणि बाराही जणांनी ओळीने म्हणायचं, "ठीक हूँ साहेब." एकाला ताप होता एकशे दोन. तोही ठीक होता.

रोज सकाळी आठला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, आज उजव्या बाजूला, उद्या डाव्या. शिवाय गोळ्या आणि एक कडू भुकटी, जी घेतल्यावर दुपारचं जेवण समोर आलं की पोटात ढवळायचं. दर महिन्याला थुंकी तपासायची. तो कागद येईपर्यंतचे दिवस वाईट. कागद यायच्या दिवशी आमच्यातले दणकट गडीही सकाळपासून संडासाच्या फेऱ्या मारायचे.

आमचा जुना कंपाउंडर फौजेतूनच निवृत्त झालेला होता. इंजेक्शन टोचताना "दम धर जवान" म्हणायचा आणि पुढे जायचा. आम्हाला तेच आवडायचं. मी आल्यावर महिन्याभरात तो सोडून गेला आणि त्याच्या जागी अन्नम्मा सिस्टर आल्या.

सिस्टर

केरळच्या. तिशीच्या आतबाहेर, सावळ्या, चष्मा, चालणं भरभर. आमच्या वॉर्डात बाई पहिल्यांदाच आलेली. त्यांचं हिंदी त्यांच्या मुलखाच्या चालीवर जायचं, आणि आवाज मुळातच हळू. पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. आम्ही "ठीक हूँ" म्हणालो की त्या पुढे जात नसत. तिथेच उभ्या राहून विचारत, "ठीक मतलब? खाना खाया? चक्कर आता क्या? नींद?" आणि उत्तर वहीत लिहीत. थुंकीच्या डब्याला झाकण नसलं तर सुभेदाराला सुद्धा उठवून झाकण लावायला सांगत. अठरा-वीस वर्षं हुकूम ऐकलेली माणसं, पण बाईचा हुकूम कुणी ऐकला नव्हता.

मला त्यांचं बोलणं कळत नसे. खरंच कळत नसे. ओठ हलताना दिसायचे आणि शब्द कापसातून आल्यासारखे यायचे. मी अंदाजाने मान हलवायचो. त्या पुन्हा विचारायच्या, मी पुन्हा मान हलवायचो. मनात म्हणायचो, काय ही भाषा, देवा.

त्याच सुमारास माझ्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली होती. त्याचं मला काहीच वाटलं नाही. तोफेवर दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात शिट्टी वाजते, त्यात नवल नाही. आमच्यात थट्टेने म्हणतात, शिट्टी वाजली नाही तर पेन्शन मिळत नाही. पायऱ्या उतरताना तोल जायचा, तो अशक्तपणा समजून सोडून दिला. आणि घरच्यांनाही काही कळायचं कारण नव्हतं. विमल दर रविवारी यायची, तोंडाला पदर लावून हातभर लांब बसायची आणि नेहमीसारखी मोठ्याने बोलायची. तोफखान्यातल्या माणसाच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात.

अर्ज

एका दुपारी जेवणानंतर आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. कुणीतरी सिस्टरचा विषय काढला. शेजारच्या खाटेवरचे नाईक भामरे, सटाण्याकडचे, गंमत म्हणून त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होते. मी म्हणालो, "चालणं सोडा. मला त्यांचं एक अक्षर समजत नाही. उद्या औषध चुकीचं घेतलं गेलं तर कोण जबाबदार?"

"मग लिव्हा की हवालदार," माझ्याच निफाडकडचा एक जण म्हणाला. "तुमचं अक्षर लय झ्याक हाय. आमी सह्या करतो."

मी लिहिला. 'सदर परिचारिकेची भाषा रुग्णांस आकलन होत नसल्याने औषधोपचारांत गंभीर प्रमाद घडण्याचा संभव असून, पूर्वीप्रमाणे पुरुष व शक्यतो सैनिकी सेवेतील कर्मचारी नेमण्यात यावा.' प्रमाद हा शब्द सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. माझ्यासकट अकरा सह्या. बाराव्या खाटेवरचे म्हातारे फार आजारी होते, त्यांना विचारलंच नाही. अर्ज ऑफिसात देऊन आलो आणि त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

रविवारी विमलला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती डब्याचं झाकण उघडत होती. ते तिने परत लावलं.

"अर्ज कुणी लिहिला?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

तिने पदर तोंडावरून काढला. हॉस्पिटलात असं ती कधीच करत नसे. "अहो, लग्नाआधी मला नामपूरच्या पुढच्या खेड्यातून कसं काढलं होतं, विसरलात? बाळंतपणाला मी गेले तर बायका दार लावून घ्यायच्या. मग अर्ज आला. माझी जात त्यात नव्हती. 'सदर परिचारिकेचे वर्तन ग्रामस्थांस रुचत नाही' असं होतं. तोही कुणीतरी चांगल्या अक्षरातच लिहिला होता."

मी म्हणालो, "इथे तसं नाही. इथे खरंच कळत नाही."

"कुणाला कळत नाही? भामऱ्यांना विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. ती उठली. डबा ठेवून गेली, पण पुढच्या रविवारी काय आणू हे विचारलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडावर माझ्याबद्दल मी असं काही पहिल्यांदाच बघत होतो.

न दिलेलं इंजेक्शन

मंगळवारची सकाळ होती. सिस्टर माझ्या पाठीमागे टेबलावर सुई तयार करत होत्या. मी कुशीवर वळून वाट बघत होतो. वेळ फार लागला म्हणून मागे वळलो, तर त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि शेजारच्या खाटेवरचे भामरेही.

त्या भामऱ्यांना काहीतरी म्हणाल्या. भामऱ्यांनी लगेच उत्तर दिलं. मग मला हाताने खूण केली, उठा. मला जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि चालायला सांगितलं. दोन पावलं गेलो आणि डावीकडे कलंडून लोखंडी कपाटावर आदळलो. त्यांनी मला धरून खाटेवर बसवलं, भरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे उचलून निघून गेल्या.

इंजेक्शन दिलंच नाही.

दहा मिनिटं मी तसाच बसलो. मग डोक्यात आलं. अर्ज त्यांना कळला असणार. आता या मला इंजेक्शन देणार नाहीत. एक दिवस चुकला तर किडा पुन्हा डोकं वर काढतो, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मला दोन मुली दिसायला लागल्या, एक चौथीत, एक बालवाडीत. मी उठलो आणि व्हरांड्यातून भिंतीला धरून डॉक्टरांच्या खोलीकडे निघालो. तिथे पोचून मी काय बोललो ते नीट आठवत नाही, पण मोठ्याने बोललो एवढं नक्की. ही बाई सूड उगवते आहे, मला मारते आहे, असं काहीतरी. सिस्टर तिथेच टेबलापाशी उभ्या होत्या.

डॉक्टर उठून माझ्या जवळ आले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या डाव्या कानाला लावलं. मी थांबलो. मला वाटलं, घड्याळ बंद आहे. मग उजव्या कानाला लावलं. फार लांबून टिकटिक आली.

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. माझ्या उजव्या बाजूला तोंड आणून सावकाश म्हणाले, "गायकवाड, हे इंजेक्शन काही लोकांच्या कानावर उतरतं. कान जातो, तोल जातो. सिस्टरनी मला दोनदा लिहून दिलं होतं, पेशंटला ऐकू कमी येतंय. मी म्हणालो, तोफखान्याचा माणूस आहे, जुनंच असेल. चूक माझी आहे. आज त्यांनी मागून हाका मारल्या, तुम्ही वळला नाहीत, म्हणून मला न विचारता इंजेक्शन थांबवलं, ते बरं केलं."

मी सिस्टरकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

एवढे दिवस मी ज्याला त्यांची भाषा म्हणत होतो, तो माझा कान होता.

दोन भीती

ज्यांना पुढे या वाटेने जायचं आहे त्यांना हे सांगतो. इंजेक्शन बंद केल्यावर सुटका वाटत नाही. एक भीती जाते आणि तिच्या जागी दोन येतात. डावा कान परत आला नाही. उजवा अर्धा उरला, तो टिकेल का हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. रोज उठल्यावर मी पहिलं काम करायचो ते उजव्या कानाशी चुटकी वाजवायचं. कधी ती कालच्यापेक्षा बारीक वाटायची आणि मी पुन्हा पुन्हा वाजवत बसायचो. त्याच्यावर दुसरी भीती, की इंजेक्शनाशिवाय नुसत्या गोळ्यांनी छातीतला आजार जाईल का. पुढच्या थुंकीच्या तपासणीला एकवीस दिवस होते. ते कसे काढले हे आता मलाच खरं वाटत नाही. विमलला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. ती रविवारी आली, माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि पहिल्यांदाच हळू बोलली. अर्जाचं काही बोलली नाही. त्यामुळे मला अधिक बोचलं.

मी ऑफिसात गेलो. अर्ज मागे घ्यायचा आहे, म्हणालो. तिथल्या कारकुनाने आवक नोंद दाखवली. अर्ज कमिटीकडे गेला होता. "अकरा जणांचा अर्ज एकटा माणूस कसा मागे घेणार? दुसरा अर्ज करा." मी कारकूनच होतो, मीही हेच उत्तर दिलं असतं.

दुसरा अर्ज लिहिला. या वेळी प्रमाद वगैरे शब्द नव्हते. सोपं लिहिलं, की आमची चूक झाली, सिस्टरमुळे माझा कान वाचला. सह्या घ्यायला खाटेखाटेवर गेलो. निफाडचा गडी म्हणाला, "हवालदार, एकदा दिलेली सही माघारी घेत नाय आपण." आणखी एकाने झोपेचं सोंग घेतलं. भामऱ्यांना मी विचारलं, "नाईक, खरं सांगा. तुम्हाला सिस्टरचं बोलणं कळायचं?"

"माले समजस ना भाऊ," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "सम्दं समजस."

"मग सही का केली?"

ते थोडे ओशाळले. "सम्दासनी करी, म्हनीसन मी बी करी." मग त्यांनी पेन मागून घेतलं.

माझ्यासकट चार सह्या झाल्या. कमिटीने दोन्ही अर्ज वाचले आणि अकरा हे चारपेक्षा जास्त असतात. अन्नम्मा सिस्टरना बायकांच्या वॉर्डात पाठवलं आणि आमच्याकडे एक पुरुष कंपाउंडर आला. तो छान बोलायचा. "कसं काय जवान?" म्हणायचा, आम्ही "ठीक" म्हणायचो, आणि तो पुढे जायचा. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाराव्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांचे हातपाय पिवळे पडले, डोळे पिवळे पडले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. गोळ्यांनी झालेल्या त्या काविळीतून ते वाचले, पण तोवर मी रोज त्यांच्या डोळ्यांकडे बघत असूनही मला दिसलं नव्हतं. मला विचारायची सवयच नव्हती.

थुंकी तीन महिने ओळीने स्वच्छ आली.

बायकांचा वॉर्ड

घरी सोडायच्या दिवशी विमल सकाळीच आली. माझी ट्रंक उचलली आणि फाटकाकडे न जाता उलटीकडे चालायला लागली.

"तिकडे कुठे?"

"आधी तिकडे. मग घरी."

बायकांचा वॉर्ड बागेच्या पलीकडे होता. दारातून दिसलं, अन्नम्मा सिस्टर एका म्हातारीच्या खाटेवर बसून तिला गोळ्या मोजून देत होत्या आणि चक्क मराठीत बोलत होत्या. पेठ-सुरगाण्याकडच्या त्या बायकांना हिंदी येत नव्हतं, म्हणून सिस्टरच मराठी शिकल्या होत्या. थोडं पेठचं, थोडं नाशिकचं. त्या वॉर्डातून कुणी अर्ज केला नव्हता.

आम्हाला बघून त्या बाहेर आल्या. मी रस्ताभर वाक्य जुळवून आलो होतो. ते सगळं विसरलो. म्हणालो, "सिस्टर, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"ऑफिसमध्ये मला वाचायला दिला. तुमचं अक्षर मला माहीत होतं. आहाराचे कागद तुम्ही भरता ना वॉर्डात." त्यांनी चष्मा पदराने पुसला. "सोमवारी वाचला मी."

मी दिवस मोजले. इंजेक्शन थांबवलं तो मंगळवार होता. विमलनेही मोजले असावेत, कारण तिने ट्रंक खाली ठेवली. मी विचारलं, "मग तुम्ही तरीही... दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता... तुमची नोकरी गेली असती."

त्या माझ्या उजव्या बाजूला आल्या. आवाज त्यांनी चढवला नाही.

"इंजेक्शन मीच देत होते. रोज सकाळी. तुमचा कान माझ्या हाताने जात होता."

मला ते नीट ऐकू आलं. पुन्हा विचारावं लागलं नाही.